मांडे करणाऱ्या हातांवर नेल आर्ट: आखाजीचा माझा अनुभव

आखाजीला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेला, माहेरी जमणाऱ्या सगळ्या पोरीबाळींची नखं मी रंगवून द्यायची, असं फोनवरच ठरलं होतं. भाचीने नमुन्याला जी चित्रं पाठवली त्यात एकेक नख अर्ध्या बोटाएवढं लांब. ती बघून वहिनीने एवढंच विचारलं, "ताई, मग मांडे कोण करणार?" तिचंही खरंच होतं. खापराच्या मांड्याची कणीक पाणी लावून लावून इतकी सैल तिंबलेली असते की पुरण भरलेला गोळा लाटण्याने नव्हे, हातांवरच मोठा करत न्यावा लागतो. मनगट, कोपर, सगळं कामाला येतं. चुलीवरच्या उपड्या मातीच्या खापरावर पडेपर्यंत त्याला कुठे एक नख लागलं तरी पुरण बाहेर. त्यामुळे नखं बोटाच्या टोकाबरोबर कापलेली, आणि जी काही हौस करायची ती तेवढ्या जागेत.

मला विचाराल तर आखूड नखांवरचं कामच जास्त देखणं दिसतं. फक्त मोबाइलवरची चित्रं जशीच्या तशी उतरवायला जाऊ नये. आखूड नखावर आडवे पट्टे घेतले की नख आणखी बुटकं दिसतं. उभी रेघ किंवा मधोमध एकच नक्षी घेतली की लांबट वाटतं. दोन्ही कडांना केसाएवढी जागा कोरी सोडली तर नख निमुळतं दिसतं आणि रंग कातडीवरही उतरत नाही. शिवाय दहाही नखांवर नक्षी काढायची गरज नसते. दोन-तीन नखांवर चित्र, बाकीच्यांवर नुसता रंग. वेळ वाचतो आणि हात गजबजलेला दिसत नाही.

सामान मी धुळ्याला आग्रा रोडवरून घेतलं. बेस कोट, टॉप कोट, पांढरा, लाल, काळा, दोन हिरवे, एक फिका गुलाबी, रिमूव्हर आणि थिनरची छोटी बाटली. ठिपके द्यायचं वेगळं हत्यार दुकानदार दाखवत होता, ते घेतलं नाही. केसांच्या पिनेचं गोल टोक, संपलेली रिफील आणि टूथपिक यांतून तीन मापांचे ठिपके निघतात. बारीक रेघेसाठी चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश. बेस कोटवर मात्र काटकसर करू नये. तो न लावता गडद लाल किंवा हिरवा लावला की रंग काढल्यावर नख पिवळं पडलेलं दिसतं, आणि हळदीच्या हातांत तर कुणाचं पिवळं कशाने हेही कळत नाही.

खरी झुंज होती उन्हाशी. वैशाखात आमच्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो, आणि या दिवसांत नेलपॉलिश कसं वागतं ते पुण्या-मुंबईच्या बायकांच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. नेलपॉलिश सुकतं म्हणजे त्यातलं इथाइल ॲसिटेट, ब्यूटाइल ॲसिटेट असलं द्रावक उडून जातं आणि नायट्रोसेल्युलोजचा पातळ पापुद्रा नखावर उरतो. गरम हवेत वरचा थर पटकन धरतो, खालचं द्रावक आत कोंडतं. मग बुडबुडे येतात, किंवा वरून कोरडं वाटणारं नख तासाभराने गोधडीची वीण छापून घेतं. बाटली उघडी राहिली तर ब्रशला तार सुटायला लागते. म्हणून दुपारी रंगकाम बंद, हा नियमच केला. पहाटे खापर चुलीवर चढण्याआधी, नाहीतर रात्री भांडी झाल्यावर. रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, छान वारा असतो म्हणून पोरी तिकडे ओढत होत्या, पण बल्ब लावला की चिलटं येतात आणि ओल्या रंगात पाय रोवून बसतात. आमचं जुनं धाब्याचं घर आतून बऱ्यापैकी गार असतं, त्यामुळे मधल्या खोलीतच बैठक घातली. कूलर बंद, पंखा अगदी कमी. जोराच्या वाऱ्याने रंग लवकर सुकतो हे खरं, पण तेवढीच धूळही चिकटते आणि बुडबुडेही धरतात.

बाटली हलवून घुसळू नये, तळहातांत फिरवावी. हलवलं की हवा शिरते. घट्ट झालेल्या रंगात थिनरचे दोन थेंब टाकायचे. रिमूव्हर टाकायचा नाही, रंग पातळ होतो पण त्याचा पोत बिघडतो आणि नखावर टिकत नाही.

बैठकीची जागा ठरवताना मी एका बाबतीत हट्टी होते: चूल आणि कापूस, दोन्हींपासून लांब. भाव वाढेल म्हणून भावाने पुढच्या खोलीत कापूस भरून ठेवलेला, अंगणात मांड्यांची चूल, आणि माझ्या हातात रिमूव्हर, स्पिरिट, थिनर. तिन्ही भुर्रकन पेट घेणारे. घरात कापसाचा ढीग असूनही रंग पुसायचा कापूस मी मेडिकलमधून आणला म्हणून सगळे हसले. पण शेतातल्या कापसात सरकी असते, आणि तंतूंवर मेणाचा थर असल्याने तो पाणीसुद्धा धड शोषत नाही. मेडिकलचा कापूस त्यासाठीच धुऊन, ब्लीच करून आलेला असतो. भावाने यावर "मग माझा कापूस काय कामाचा?" असं विचारलं, त्याला उत्तर बाजार समितीच देईल.

पुरणाचे, तेला-तुपाचे हात साबणाने धुतले तरी नखावर तेलकटपणा राहतो, आणि त्यावर रंग धरत नाही. म्हणून आधी रिमूव्हरचा एक हात प्रत्येक नखावरून. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते ती कोमट पाण्यात बोटं बुडवून, ओल्या फडक्याने हलकेच मागे सारायची. पार्लरमध्ये कापतात तशी कापायची नाही. ती नखाच्या मुळात जंतू जाऊ देत नाही आणि आपले हात तर दिवसभर शेणामातीत. मग बेस कोट, त्यावर रंगाचे दोन पातळ हात. मधोमध एक फटकारा, दोन बाजूंना दोन, झालं. मुळाशी थोडी जागा सोडायची आणि नखाच्या टोकाच्या धारेवरून ब्रश फिरवायचा. भाकरी थापताना रंग पहिल्यांदा धारेवरच उडतो, तिथे तो दुमडून घेतलेला असला की जास्त टिकतो.

लहान पोरींना टरबूज हवं होतं. ते सगळ्यात सोपं. खाली लाल, टोकाला हिरवा पट्टा, दोन्हींच्या मध्ये केसासारखी पांढरी रेघ, आणि टूथपिकने तीन-चार काळ्या बिया. बिया थेंबासारख्या हव्यात, म्हणजे ठिपका टेकवून किंचित वर ओढायचा. एकीला टरबूज नको, आखाजीच्या घागरीवर ठेवतात ते डांगर (खरबूज) पाहिजे होतं. पिवळसर बुडावर उभ्या फाका काढून दिल्या, ते कुणाला ओळखू आलं नाही, पण तिला आलं. चिमुरड्यांना मी फक्त डाव्या हाताला रंग लावते. उजव्या हाताने वरण-भात कालवताना सुटलेला पापुद्रा पोटात जायला नको.

कॉलेजच्या पोरींसाठी कापसाचं बोंड काढलं. हे चित्र मी कुठे बघितलेलं नव्हतं, समोरच्या ढिगावरून सुचलं. फिक्या गुलाबी बुडावर पिनेच्या गोल टोकाने चार पांढरे ठिपके, एकमेकांना चिकटून. ते ओले असतानाच मध्यभागी थोडं दाबायचं म्हणजे फुगीर दिसतात. सुकल्यावर खालून तपकिरी रंगाच्या तीन टोकदार रेघा, फुटलेल्या बोंडाच्या पाकळ्यांसारख्या. तपकिरी नव्हताच, लाल-हिरवा-काळा स्टीलच्या झाकणात कालवून केला. दुसरीला केळीचं पान दिलं: गडद हिरव्यावर मधे फिकट हिरवी शीर आणि तिला तिरप्या रेघा. रावेर-यावलकडच्या मामीने पान लगेच ओळखलं आणि एक रेघ जास्त फाटलेली काढ म्हणाली, वाऱ्याने फाटतं तशी. त्या एका फाटक्या रेघेने पान खरं वाटायला लागलं.

वर्तमानपत्राचं नेल आर्ट मी ऐकून होते, इथे करून बघितलं. पांढरा किंवा फिका रंग पूर्ण सुकू द्यायचा, अगदी रात्रभर ठेवला तरी चालेल. मग नखावर मेडिकलमधलं स्पिरिट लावून छापील कागदाचा तुकडा दहा-पंधरा सेकंद घट्ट दाबायचा, हलवायचा नाही, आणि सरळ उचलायचा. शाई नखावर उतरते. वर लगेच टॉप कोट, पण ब्रश न घासता, टेकवत. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी येतात. बारीक टाइप हवा, म्हणून मी बाजारभावाचं पान फाडलं होतं. भाऊ ते पान शोधत आला तेव्हा कापसाचा भाव त्याच्या भाचीच्या अंगठ्यावर उलटा छापलेला होता. मथळ्याची मोठी अक्षरं घेऊ नयेत, नखावर नुसती एक वेलांटी येते.

पाण्यावर रंगाचे थेंब सोडून संगमरवरासारखी नक्षी उचलतात, तो प्रकार मात्र उन्हाळ्यात आमच्या गावात करू नये या मताची मी झाले आहे. त्याला ना गार ना गरम असं पाणी लागतं. माठातलं घेतलं तर थेंब पसरतच नाही, टाकीतलं घेतलं तर त्याने हात पोळतात आणि रंग पसरता पसरता साय धरतो.

भाची नाशिकहून जेलचा किट आणि छोटा दिवा घेऊन आली होती. जेल टिकतं, मला मान्य आहे. ते हवेने सुकत नाही, अतिनील किंवा एलईडी दिव्याखालीच घट्ट होतं. पण दिवा हलका असला, थर जाड झाला किंवा मध्येच लाइट गेली (आणि आखाजीला आमची लाइट जातेच) तर आतलं जेल अर्धकच्चं राहतं. हे कच्चं जेल कातडीला लागत राहिलं की त्यातल्या मेथाक्रिलेटची ॲलर्जी जडू शकते, आणि ती एकदा जडली की सहसा जन्मभर सोबत राहते. युरोपियन युनियनने तर १ सप्टेंबर २०२५ पासून जेल घट्ट करणाऱ्या टीपीओ या रसायनाला सौंदर्यप्रसाधनांत बंदीच घातली. मी तिला किट बंद करायला लावला. ती रुसली, मग बोंडाच्या नक्षीवर मानली.

या सगळ्यात आजी खाटेवर बसून बघत होती. "हाई काय करी ऱ्हायनी वं?" असं दोनदा विचारून झालं, आणि मग हात पुढे केला. वयाने नखांवर उभ्या कंगोऱ्या आलेल्या असतात, चकचकीत गडद रंगात त्या जास्तच उठून दिसतात. म्हणून बेस कोटचा एक हात जास्त दिला आणि वर फिका गुलाबी. नक्षी काय काढू विचारलं तर तिने मनगटावरचं गोंदण दाखवलं. हिरवट-निळे ठिपके, मधे एक आणि भोवती चार, आणि वर तुळशीवृंदावन. वृंदावन नखावर मावेना, पण ठिपके मावले. हिरव्यात काळ्याचा टिपूस कालवून गोंदणाचा रंग बराच जमला. ते बघितल्यावर टरबूजवाल्या पोरींनी आपापली नखं पुसायला घेतली आणि सगळ्यांना गोंदणच पाहिजे झालं. मी आजीच्या ओळखीच्या बायकांची गोंदणं विचारून घेतली: तीन ठिपक्यांचा त्रिकोण, विंचू, छोटी फुली. ठिपका आणि आखूड रेघ यांतच सगळं बसतं, आणि आखूड नखाला यापेक्षा जुळणारी नक्षी मला तरी सापडलेली नाही.

मांड्यांच्या दिवशी वहिनीच्या हातांवर मी काहीच काढलं नाही. कणकेत पापुद्रा नको. तिची नखं रात्री केली, सगळं आवरल्यावर, आणि ती बसल्या बसल्या झोपली म्हणून सुकायलाही हवा तेवढा वेळ मिळाला.

रंग टिकला तो ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे. झोक्यावर बसणाऱ्या पोरींची नखं आठवड्यानंतरही शाबूत होती, दोराने घासून तळहात लाल झाले तरी. वहिनीच्या उजव्या अंगठ्याचा आणि तर्जनीचा रंग लगेच उडाला. उडालेला रंग दातांनी किंवा दुसऱ्या नखाने खरवडू नये, नखाचा वरचा थर सोबत निघतो, आणि हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटरच वाढतं, म्हणजे खराब झालेलं पूर्ण निघून जायला सहाएक महिने. रिमूव्हरने भिजवलेला कापूस थोडा वेळ नखावर दाबून ठेवायचा आणि टोकाकडे एकदाच ओढायचा. नंतर हात धुऊन खोबरेल. कानबाईच्या सणाला पुन्हा ये असं सगळ्यांनी बजावलं आहे. श्रावणातल्या दमट हवेत रंग सुकायला जास्त वेळ लागेल, म्हणून तेव्हा बैठक आदल्या रात्रीच घालायची, आणि विंचवाची नक्षी फक्त वहिनीसाठी राखून ठेवायची, असं तिने आत्ताच सांगून ठेवलंय.