मध्ये बल्ब लावा

"मॉड्यूल कशाला घेताय? मध्ये बल्ब लावा." बॅटरी चार्ज करताना करंट आवरणारं मॉड्यूल मागितलं, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे इलेक्ट्रॉनिक्स दुकानातले काका एवढंच बोलले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

माझ्याकडे १३.८ व्होल्टवर सेट केलेला एसएमपीएस (घरच्या विजेचा डीसी करणारा पॉवर सप्लाय) आणि यूपीएसमधली ७ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची लेड-ॲसिड बॅटरी. उतरलेली बॅटरी जोडली की ती अधाशासारखी करंट ओढते आणि सप्लायचा दिवा चालू-बंद, चालू-बंद. खरं तर तिला ०.७ अँपिअरच्या आसपास पुरतात.

घरी येऊन बाइकच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॉटचा बल्ब सप्लाय आणि बॅटरीच्या मध्ये, सिरीजमध्ये लावला. फिलामेंट तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि करंट आपोआप आवरतो. सुरुवातीला तार मंद लालसर दिसली, मग बॅटरी भरत गेली तशी विझत गेली. मीटर, डिस्प्ले काही नको! (लिथियमवर मात्र हे करू नका, कृपया.)

पण डोक्यात वेगळंच घोळतंय. मॉड्यूल विकून काकांना चार पैसे सुटले असते. बल्ब तर ते विकतही नाहीत.

तुमच्या माहितीत आहेत का अशी दुकानं अजून?