लिडिया ब्रेडी आणि समुद्रकाठचे आपण

१४ ऑक्टोबर १९८८ रोजी न्यूझीलंडची लिडिया ब्रेडी कृत्रिम प्राणवायूशिवाय एव्हरेस्टवर पोचली. असं करणारी ती पहिली स्त्री. सहकाऱ्यांनीच शंका घेतली, मान्यता मिळायला वर्षं गेली. पुढे ती गाईड झाली आणि गिऱ्हाइकांना घेऊन पुन्हा त्याच शिखरावर गेली. हे दुसरं काम मला जास्त अवघड वाटतं; स्वतःचा दम सांभाळून दुसऱ्याचा ओळखायचा.

खेड-दापोलीहून हिमालयात निघालेल्यांसाठी थोडं. पाठीवर दहा किलो घेऊन रसाळगड-सुमारगड-महिपतगड केलात तर पाय तयार होतात, रक्त नाही. ती उंची हजार मीटरच्या आतलीच. हवेत प्राणवायू वरही २१ टक्केच असतो, पण दाब घटतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर तो आपल्या किनाऱ्याच्या जेमतेम एक तृतीयांश. म्हणून ३००० मीटरनंतर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जादा करा. डोकं दुखतंय, मळमळतंय? मग वर जायचं नाही. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी लगेच खाली. तंदुरुस्ती यातून वाचवत नाही. जोमात पुढे धावणारी तरुण मंडळीच बहुधा आधी आडवी होतात.