तुम्ही विचारलंत म्हणून: कराड सोडून पुण्यात का राहता?

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. लग्नात, वास्तुशांतीला, एसटीत शेजारी बसलेल्या ओळखीच्या बाई विचारतात, "अजून किती दिवस असं? मिस्टर कराडला, तुम्ही पुण्यात?" आणि ज्यांच्या घरात मुलाच्या ऑटिझमचं नुकतं निदान झालंय अशा आया रात्री दहानंतर फोन करतात. "ताई, आम्हीही पुण्याला यावं का? की मुंबई बरी? बंगळूर?" पहिल्यांना वाटतं माझं चुकलंय. दुसऱ्यांना वाटतं मला काहीतरी सापडलंय. जवळजवळ सात वर्षं दोघांनाही तुकड्या-तुकड्याने उत्तरं दिली. आता एकदाच सगळं सांगते.

ऑटिझम म्हणजे काय, लवकर थेरपी का सुरू करायची, हे तुम्हाला माहीत आहे म्हणूनच तुम्ही विचारताय. ते पुन्हा लिहीत नाही.

ऑटिझम असलेला माझा मुलगा आता 14 वर्षांचा आहे. 2019च्या जूनमध्ये मी त्याला घेऊन पुण्यात आले. त्याच्या चार महिने आधी जे घडलं ते मी नातेवाइकांना सांगितलं तेव्हा अर्धंच सांगितलं. अर्धं असं होतं: कराडच्या शाळेने त्याला वर्गाबाहेर बसवलं, म्हणून आम्ही ती शाळा सोडली. ऐकणारा लगेच "अरेरे, बरोबर केलंत" म्हणायचा आणि विषय संपायचा.

पूर्ण असं आहे. तो पहिलीत होता. फेब्रुवारीतली सकाळ. त्याची निळी पाण्याची बाटली घरी राहिली. दुसऱ्या बाटलीतून तो पाणी प्यायचा नाही, म्हणून मी ती द्यायला शाळेत गेले. सव्वानऊ वाजून गेले असतील. वर्गाच्या दारातून पाहिलं तर त्याच्या बाकावर दुसरं मूल बसलेलं. बाईंना विचारलं. त्या फळ्याकडे तोंड करूनच म्हणाल्या, "तो बाहेर असतो."

गेलाय असं नाही म्हणाल्या. असतो.

जिन्याखाली शिपाई मावशींचं स्टूल होतं, शेजारी पाण्याचा पिंप. तिथे फरशीवर तो बसला होता, समोर चिंचोक्यांचा ढीग. पाच-पाचचे गट करून ठेवत होता. मला पाहून उठला नाही, तसा तो कधीच उठायचा नाही. त्याचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. 9 वाजून 25 मिनिटांनी तो उभा राहिला, खुंटीवरचा लाकडी टोला काढला आणि पितळी घंटेवर एक टोल दिला. एकच, स्वच्छ. टोला परत खुंटीला अडकवला. मावशी म्हणाल्या, "शाब्बास माझ्या राजा." तो म्हणाला, "झालं."

घरी तेव्हा त्याच्याकडे वीस-बावीस शब्द होते, मी वहीत लिहून ठेवलेले. "झालं" त्यात नव्हतं.

मला त्या क्षणी यातलं काहीही दिसलं नाही. दिसलं ते फक्त जिन्याखालची फरशी आणि माझा मुलगा. ऑफिसात गेले. कळलं की दिवाळीच्या सुट्टीनंतर हे असंच चाललं होतं. इतर पालकांच्या तक्रारी होत्या, तो मध्येच ओरडायचा, बाईंना 50 मुलं सांभाळायची होती. हजेरीपटावर तो रोज हजर. फी पूर्ण भरलेली. मी बोलत सुटले. मागोमाग मावशी बाटली घेऊन आल्या होत्या, कारण गडबडीत मी ती खालीच ठेवली होती. त्या दारात उभ्या असताना मी मुख्याध्यापकांना म्हणाले, "माझ्या मुलाला शिपाई करायला नाही पाठवलं शाळेत."

ऑफिस एकदम शांत झालं. मावशींनी बाटली टेबलाच्या कडेला ठेवली आणि त्या गेल्या.

त्या दिवसानंतर तो त्या शाळेत गेला नाही. मावशींना आम्ही काही सांगितलं नाही, निरोप नाही, काही नाही. तेव्हा सुचलंसुद्धा नाही. पुण्यात आल्यावर पहिले कित्येक महिने तो ताटलीवर चमचा वाजवायचा. 8 वाजून 50. 9 वाजून 25. 10 वाजता सुट्टीचे लागोपाठ टोल. खालच्या मजल्यावरून तक्रार आली. मी चमचा काढून घेतला. मग तो नखांनी खिडकीच्या गजावर वाजवायचा, अगदी हळू. वेळ एक मिनिटही चुकायची नाही.

आता मला सांगा, मी चूक केली की बरोबर?

कायद्याने बरोबर केलं, याबद्दल मला शंका नाही. 1995च्या अपंगत्वाच्या कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. 2016च्या कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये ते आलं. ज्यांच्या प्रमाणपत्रावर किमान 40 टक्के दिव्यांगत्व आहे अशा मुलांना 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करावी असं त्यात लिहिलंय. जिन्याखालचं स्टूल म्हणजे सोय नव्हे. सहा वर्षांच्या मुलाला वर्गाबाहेर काढून, पालकांना न सांगता, हजेरी लावून फी घेणं हा अन्यायच होता. आजही मी हेच म्हणेन.

पण मी तक्रार केली नाही. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान त्याच गावात, शाळेच्या संस्थेतली निम्मी माणसं आमची गिऱ्हाइकं. त्यामुळे "मुलासाठी गाव सोडलं" हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की भांडायचं नव्हतं म्हणून गाव सोडलं.

कोल्हापूर का नाही, असंही विचारतात. ते 70-75 किलोमीटरवर, पुणं 160. कोल्हापुरात 'चेतना'सारखी जुनी संस्था आहे, नवरा रोज जाऊन-येऊन राहू शकला असता. मी नाही म्हणाले, कारण मला विशेष शाळा नकोच होती. मला गणवेश, बाक, फळा, शेजारी इतर मुलं असं सगळं हवं होतं. तेव्हा मी याला 'समावेशन' म्हणायचे, तो शब्द मी नुकताच शिकले होते. त्यात लाज किती होती आणि तत्त्व किती, हे मला तेव्हा वेगळं करता आलं नाही. आजही येत नाही. बंगळूरला नाव मोठं आहे, पण घरात आम्ही मराठी बोलतो. काही ठिकाणी सांगतात की अशा मुलाशी एकच भाषा बोला आणि ती इंग्रजीच ठेवा. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि त्याच्या आजीला इंग्रजी येत नाही. आजीशी ज्या भाषेत बोलता येणार नाही ती त्याला आधी शिकवून मी काय करू?

पुण्याने दिलं, ते नाकारणार नाही. शाळेत रिसोर्स रूम आहे, म्हणजे अशा मुलांना वेगळी मदत मिळते ती खोली. तीन वर्षं शॅडो टीचर ठेवली, वर्गात त्याच्याबरोबर राहून मदत करणारी, महिन्याला 14,000 रुपये. थेरपीची 45 मिनिटं 700 रुपयांना, आठवड्यात चार वेळा. दिव्यांगांसाठीच्या 'निरामय' या सरकारी आरोग्य विम्याचं कवच वर्षाला 1 लाखापर्यंत असतं, पण थेरपीसाठी त्यातल्या मर्यादा लवकर संपतात. त्याच्या वडिलांचं दुकान कराडला चालतं म्हणून इथे हे सगळं चालतं. तो वाचतो. स्वतः अंघोळ करतो. दुखतंय कुठे हे सांगतो, आणि हे एकच जरी पुण्यात मिळालं असतं तरी मी आले असते. कारण चार वर्षांचा असताना त्याचा कान आठ दिवस ठणकत होता आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो.

पण 'पुणं चांगलं' असं मी म्हणणार नाही. धायरीत राहून कोथरूडच्या थेरपीला जायचं म्हणजे सिंहगड रोडवर जाऊन-येऊन अडीच तास. 45 मिनिटांसाठी. रिक्षात हॉर्नचे आवाज ऐकत पोचेपर्यंत तो इतका दमलेला असायचा की पहिली वीस मिनिटं नुसती शांत व्हायला जायची. म्हणून फोन करणाऱ्या आयांना मी शहर सांगत नाही. शाळा, थेरपी आणि घर अर्ध्या तासात बसतंय का, ते आधी बघा म्हणते. मूल अजून लहान असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत राखून ठेवलेल्या, 25 टक्के जागांत दिव्यांग मुलांना उत्पन्नाची अट नाही, पण घर शाळेपासून किती अंतरावर आहे, यावर पुढचं ठरतं. आणि तो प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गाला मिळतो. आम्हाला कळलं तेव्हा तो दुसरीत होता. स्पीच थेरपिस्टना, स्पेशल एज्युकेटरना आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक विचारा, विचारायला संकोचू नका. मोठ्या शहरात चांगली माणसं जास्त भेटतात तशी आशा विकणारीही जास्त भेटतात. मला दोनदा स्टेम सेलचे (मूळ पेशींचे) उपचार सुचवले गेले. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022मध्ये ऑटिझमसाठी ते उपचार करू नयेत असं सांगितलेलं आहे.

नणंद न्यू जर्सीत असते. ती म्हणते, इकडे आलात तर सगळं सरकारी शाळाच करते, 3 वर्षांपासून 21 पर्यंत. आम्ही कुठले तिकडे जाणार. पण तिने एकदा तिथल्या आयईपीबद्दल सांगितलं, मुलाच्या नावाने दरवर्षी लिहिला जाणारा आराखडा. त्यात मूल दिवसातला किती वेळ इतर मुलांपासून वेगळं असणार हे लिहावं लागतं. ते ऐकून मी फोन ठेवला आणि बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिले. सुविधांचा हेवा नाही वाटला. 'तो बाहेर असतो' हे कुणाला तरी कागदावर लिहावं लागलं असतं, याचा हेवा वाटला.

2020च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि आम्ही दोन पिशव्या घेऊन कराडला आलो, ते दोन वर्षं राहिलो. मोबाईलवरच्या थेरपीत तो स्क्रीनकडे बघायचाच नाही. बोलणं कमी झालं, हात चावायला लागला. आणि त्याच दोन वर्षांत तो घरातून दुकानापर्यंत एकटा चालत जायला शिकला, कारण वाटेतला प्रत्येक माणूस त्याला ओळखायचा. संध्याकाळी वडिलांबरोबर प्रीतिसंगमावर जायचा, कृष्णा-कोयनेच्या पाण्याकडे बघत अर्धा तास स्वस्थ बसायचा. पुण्यात तो अर्धा तास मला कुठल्याही थेरपीत मिळालेला नाही.

तरी 2022च्या जूनमध्ये मी परत आले. नवरा नको म्हणत होता. या दुसऱ्या निर्णयाबद्दल कुणी विचारत नाही, पण खरं उत्तर द्यायचं तर याचंच देणं अवघड आहे. हात चावणं वाढलं होतं आणि तिथे कुणाला त्यावर काम करता येत नव्हतं, हे कारण खरं आहे. आणि मला पुण्यात बरं वाटतं, हेही. मी घरून अकाउंट्सचं काम करते, माझ्या दोन मैत्रिणी आहेत, त्यांचीही मुलं अशीच. कराडला मी मंडईत गेले की बायका आवाज खाली आणतात.

याच मंडईत, पहिल्या लॉकडाऊननंतर, मावशी भेटल्या. तोंडाला मास्क होता तरी त्यांनी ओळखलं. त्या घंटेबद्दल बोलल्या नाहीत, त्या दिवसाबद्दल बोलल्या नाहीत. विचारलं, "जेवतो का नीट? भात अजून कोरडाच लागतो का?"

त्याला भात कोरडा लागतो हे शाळेत कुणाला माहीत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला त्यांची माफी मागायची होती. मी "हो" म्हणाले, मेथीची जुडी घेतली आणि निघाले. नंतर त्यांनी शाळेतलं काम सोडलं असं कळलं. मुलाकडे राहतात असं कुणीतरी म्हणालं, कुठल्या गावात ते नक्की माहीत नाही.

2019ची मी आज समोर आली तर म्हणेल, तुला काय हवं होतं, तो जन्मभर जिन्याखाली बसायला हवा होता? नाही. पण त्या जिन्याखाली त्याला एक काम होतं, ते त्याला येत होतं आणि ते झाल्यावर कुणीतरी शाब्बास म्हणत होतं. पुण्याच्या चांगल्या शाळेत, चांगल्या रिसोर्स रूममध्ये, त्याच्यावर सगळे काम करतात. त्याच्याकडे काम नाही. मी त्याला वर्गात बसवण्यासाठी भांडले असते आणि टोल त्याच्याकडेच राहू द्या असंही सांगितलं असतं, तर? ही गोष्ट तेव्हा मला सुचण्यासारखी नव्हती. अशी आई मी तेव्हा नव्हते.

आता तो आठवीत आहे. राज्य मंडळाची दहावी करायची तर लेखनिक, जादा वेळ या सवलती आहेत. नाहीतर एनआयओएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळेची, पाच विषय, त्यात किमान एक भाषा. एनआयओएस कराडला राहूनही होतं, हे नवरा मला दर शनिवारी रात्री, जेवताना, एकदा तरी सांगतो. 18 पूर्ण झाल्यावर त्याच्या कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागेल, तो कुठल्या जिल्ह्यात करायचा हेही ठरलेलं नाही.

घरमालकांनी नव्या अकरा महिन्यांच्या कराराबद्दल विचारलंय, मे संपायच्या आत सांगा म्हणाले. परवा सासूबाईंचा फोन आला. म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याने मागची खोली रंगवून घेतली, खिडकीला नवे गज बसवले, तुला बोलला नसेल. नव्हता बोलला. मी अजून कुणालाच काही कळवलेलं नाही.