आमची वाटचाल : लेखकांची पाने आणि जाहिरातींचा प्रश्न

रत्नागिरीतील आमचा छोटा व्यवसाय मराठी लेखकांचे ब्लॉग उभारून देण्याचा आणि सांभाळण्याचा आहे. आमच्याकडे येणाऱ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, दशावताराचे अभ्यासक आहेत, मालवणी पाककृती नोंदवून ठेवणाऱ्या गृहिणी आहेत. डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) आणि होस्टिंग (ते इंटरनेटवर ठेवण्याची जागा) यांचा खर्च तरी जाहिरातींतून निघेल का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकजण विचारतो. प्रश्न रास्त आहे, आणि आमच्या कामाला पुढे जे वळण लागले ते त्याचे उत्तर शोधतानाच लागले.

वर्डप्रेस डॉट कॉम या ब्लॉगसेवेच्या मोफत योजनेत लेखकाच्या पानावर जाहिराती दिसतात, पण त्यांचे उत्पन्न लेखकाला मिळत नाही. गूगलच्या ब्लॉगर या ब्लॉगसेवेवर अ‍ॅडसेन्स या गूगलच्याच जाहिरात सेवेच्या जाहिराती लावता येतात. मात्र अ‍ॅडसेन्सने मराठी मजकूर अधिकृतपणे स्वीकारला तो २०१८ साली. मंजुरी मिळाल्यावरही वाट लांबच असते. खात्यात १० डॉलर जमले की पत्त्याच्या पडताळणीसाठी टपालाने पिन येतो, आणि १०० डॉलर झाल्याशिवाय रक्कम बँकेत जात नाही. महिन्याला मोजके वाचक असलेल्या ब्लॉगला तेवढे जमवायला वर्षे लागू शकतात. २०२४ पासून क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर पैसे मिळू लागले, तरी वाचकसंख्याच थोडी असेल तिथे त्याने फारसा फरक पडत नाही.

याहून क्लेशदायक अनुभव आमच्या एका लेखिकेला एका जाहिरात सेवेकडून आला. मुंबईतील चाकरमानी नातेवाईकांनी कौतुकापोटी तिच्या पानावरील जाहिरातींवर वारंवार टिचक्या (क्लिक) मारल्या, आणि सेवेने ते गैरप्रकार ठरवून खाते बंद केले. जमलेली रक्कम गेली, आणि दाद मागायला समोर माणूसच नव्हता. नियम असावेत हे मान्य, पण सद्भावना आणि लबाडी यांत फरक करणारे कोणी तिथे नसावे, हे आम्हाला आजही अन्यायाचे वाटते.

पैशाखेरीज पानाच्या रूपाचा प्रश्न होताच. गावपळणीवरील, म्हणजे सारा गाव काही दिवस वेशीबाहेर राहायला जातो त्या प्रथेवरील, लेखाच्या मधोमध झटपट कर्जाची आणि ऑनलाइन रमीची जाहिरात झळकत असे. खाडीकाठच्या वाड्यांत रेंज जेमतेम असते. तिथे आधी जाहिरात उतरायची, मग मजकूर दिसायचा, आणि वाचता वाचता ओळ खाली सरकायची. लेखकाने मन लावून लिहिलेल्या पानाची ही अवस्था बघवत नाही.

म्हणून आम्ही यंत्राने निवडलेल्या जाहिराती काढून टाकल्या आणि थेट ओळखीच्या व्यावसायिकांकडे गेलो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (ठराविक प्रदेशातील मालालाच ते नाव वापरण्याचा हक्क) मिळाले, तरी बाजारात इतर आंबा त्याच नावाने विकला जातो. त्यामुळे स्वतःच्या बागेतून थेट पेटी पाठवणाऱ्या बागायतदारांना मुंबई-पुण्यातील मराठी घरांपर्यंत पोहोचायचे असते, आणि ही घरे आमच्या लेखकांची वाचक आहेतच. आम्ही हंगामासाठी ठराविक रक्कम घेतो, टिचक्या मोजत नाही, वाचकावर पाळत ठेवणारे काहीही पानावर बसवत नाही. एका साध्या चित्रावर 'जाहिरात' असे स्पष्ट लिहिलेले असते. कोणती जाहिरात नको, हे लेखक ठरवतो. काजू प्रक्रिया करणारे आणि घरगुती निवास-न्याहारी चालवणारेही पुढे या पद्धतीने सामील झाले.

अडचणी संपलेल्या नाहीत. अवकाळी पावसाने मोहोर गळला की बागायतदार सर्वांत आधी जाहिरातीचा खर्च कमी करतो, आणि ते समजण्यासारखे आहे. पाककृतींच्या पानाला प्रायोजक सहज मिळतो. स्थानिक इतिहास किंवा कविता लिहिणाऱ्याला मिळत नाही. अशा लेखकांच्या पानांवर आम्ही वाचकांच्या ऐच्छिक वर्गणीसाठी यूपीआयचा कोड लावला आहे, आणि ती सगळी रक्कम लेखकाच्याच खात्यात जाते. येत्या हंगामापासून जाहिरातदारांच्या रकमेतील ठराविक वाटा या पानांच्या होस्टिंगसाठी बाजूला ठेवायचा, असे आम्ही ठरवले आहे. त्याला आंबावाल्यांची संमती मिळाली आहे, निवास-न्याहारीवाल्यांशी बोलणे सुरू आहे.