याद्या यायच्या आहेत, नियोजन मात्र आजच द्या

नवे शालेय वर्ष सुरू होण्यापूर्वी शिक्षकांना जे मोजके दिवस मुलांविना शाळेत काढायचे असतात, त्या दिवसांत आम्ही शिक्षककक्षात नुसत्या गप्पा मारत बसतो, असा बाहेरच्या लोकांचा पक्का समज असतो. गप्पा होतात, हे मी नाकारणार नाही. सुट्टीनंतर भेटलेली माणसे बोलणारच. कामही पुष्कळ असते, पण ते दरवर्षीच असते आणि त्याची सवय होऊन जाते. ज्याची सवय काही केल्या होत नाही, तो म्हणजे या कामांचा उलटा क्रम. ज्या गोष्टी कळल्याशिवाय नियोजन करता येत नाही त्या सर्वांत शेवटी कळतात आणि नियोजन मात्र सर्वांत आधी मागितले जाते, ही माझी मुख्य तक्रार आहे आणि इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही तिची धार बोथट झालेली नाही.

वार्षिक नियोजनाचा तक्ता पहिल्याच सभेत हातात पडतो. महिना, घटक, उपघटक, तासिका, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन असे त्यात रकाने असतात आणि तो भरून लगोलग मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचा असतो. आता तासिकांचा रकाना भरायचा तर आठवड्याला आपल्या विषयाचे किती तास आहेत हे ठाऊक हवे. ते वेळापत्रकावर अवलंबून असते, वेळापत्रक कोणता शिक्षक कोणत्या तुकडीला जाणार यावर, तुकड्यांची संख्या पटावर, आणि पट तर शाळा सुरू झाल्यावरही काही दिवस वरखाली होत राहतो. मग करायचे काय, तर गेल्या वर्षीचा तक्ता काढायचा, वर्षाचा आकडा बदलायचा, सुट्ट्यांचा हिशेब नव्याने लावायचा आणि खाली सही करायची. हे असेच होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते, तपासणाऱ्याला ठाऊक असते आणि तरीही तक्ता वेळेत आला नाही तर आठवण करून देणारा निरोप मात्र न चुकता येतो. या सगळ्यात माझ्या मनाला लागते ती गोष्ट वेगळीच आहे. नियोजन हे शिक्षकाच्या कामातले खरोखर बुद्धीचे काम आहे. कोणता घटक आधी घ्यावा, कुठे मुले अडतात, कुठे दोन तास जास्त ठेवावे लागतील, यावर शांतपणे विचार करायला मला मनापासून आवडते. त्याच कामाला फाईलमध्ये लावायच्या कागदाची कळा आली की त्यातली गोडी निघून जाते.

या तक्त्यात एक रकाना कधीच नसतो, तो म्हणजे उजळणीचा. पहिला घटक पहिल्या आठवड्यात सुरू व्हावा, असे गृहीत धरूनच सगळी मांडणी केलेली असते. जणू मुले सुट्टीवर गेलीच नव्हती. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये विस्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतःच पाठ करायच्या आणि ठरावीक काळाने पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात ते मोजायचे, अशी त्याची चिकाटीची रीत होती. एका दिवसानंतर ही बचत सुमारे एक तृतीयांशावर आली होती आणि महिनाभराने ती सुमारे एक पंचमांश उरली होती. शाळेत शिकवलेला अर्थपूर्ण भाग निरर्थक अक्षरांपेक्षा जास्त टिकतो, हे खरे. पण दीर्घ सुट्टीनंतर वर्गात अपूर्णांकांची बेरीज विचारली की समोर जे चेहरे दिसतात, ते पाहिलेल्या कोणत्याही शिक्षकाला विस्मरणाचा हा उतार परका वाटणार नाही. त्याच प्रयोगाची दुसरी बाजू मला अधिक मोलाची वाटते. विसरलेले पुन्हा शिकताना पहिल्याइतका वेळ लागत नाही. म्हणजे सुरुवातीच्या काही तासिका राजरोसपणे उजळणीला दिल्या तर पुढचे कितीतरी तास वाचतील. आम्ही त्या देतोच, फक्त कागदावर तेव्हा पहिला घटक चालू असतो.

वेळापत्रकाचे प्रकरण तर स्वतंत्र आहे. ज्या सहकाऱ्याच्या गळ्यात ते पडते, त्याच्याविषयी मला दरवर्षी नव्याने सहानुभूती वाटते. गणिताचा तास शेवटी नको, प्रयोगशाळा एकच आणि तुकड्या अनेक, खेळाच्या मैदानावर एका वेळी दोनच वर्ग, अमुक शिक्षक दोन शाखांमध्ये शिकवतात म्हणून त्यांचे सगळे तास सकाळी, आणि एखादी बाई सलग चार तास उभी राहणार नाही हेही पाहायचे. शिमॉन इव्हन, अलॉन इताई आणि आदी शमीर या तिघांनी 1976 मध्ये असे सिद्ध केले की शिक्षकांच्या उपलब्धतेच्या अटी घातलेला वेळापत्रकाचा प्रश्न संगणकशास्त्रातल्या अत्यंत अवघड समजल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या वर्गात मोडतो. अशा कोणत्याही प्रश्नाचे उत्तर खात्रीने आणि झटपट काढून देणारी पद्धत आजवर कुणालाही सापडलेली नाही. या वर्गातल्या प्रश्नांचे आणखी एक वैशिष्ट्य असे की उत्तर शोधणे महाकठीण असले तरी समोर आलेले उत्तर बरोबर आहे की नाही हे चटकन तपासता येते. आमच्या शिक्षककक्षात याचा प्रत्यय दरवर्षी येतो. ज्याने रात्री जागून तो चौकटींचा तक्ता जुळवला, तो बिचारा तो भिंतीवर लावतो न लावतो तोच कुणीतरी चहाचा कप हातात घेऊन जवळ जातो आणि बोट ठेवून सांगतो, ‘‘सर, बुधवारी तिसऱ्या तासाला मी एकाच वेळी दोन वर्गांत आहे.’’ त्या एका चौकटीतला तास हलवला की आणखी पाच चौकट्या हलतात आणि तात्पुरते वेळापत्रक या नावाखाली पहिला पंधरवडा निघून जातो. संगणकावर वेळापत्रक करून देणाऱ्या प्रणाली आहेत आणि त्या उपयोगीही आहेत, पण त्यांनाही आधी सर्व अटी सांगाव्या लागतात. आणि एक शिक्षक रजेवर जाणार आहे, दुसऱ्याची जागा अजून भरलेली नाही, या अटी त्या वेळी कुणालाच सांगता येत नाहीत.

वर्गशिक्षकाच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे नावांची यादी. मुलांच्या नावांशी माझे नाते थोडे हळवे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते. पहिली यादी येते तिच्यावर ‘तात्पुरती’ असे लिहिलेले असते. तिच्यावरून हजेरीपत्रकात नावे लिहायची, वह्यांच्या गठ्ठ्यांना चिठ्ठ्या लावायच्या, गट पाडायचे, बसण्याची व्यवस्था ठरवायची, दारावरच्या फलकासाठी रंगीत कागदाच्या पट्ट्या कापून त्यांवर नावे काढायची. हे सगळे झाले की सुधारित यादी येते. त्यात दोन मुले दुसऱ्या तुकडीत गेलेली असतात, तीन नवी आलेली असतात आणि एकाच्या आडनावातली वेलांटी बदललेली असते. हजेरीपत्रकात खाडाखोड चालत नाही. त्यामुळे एक तर मधल्या ओळीवर लाल रेघ मारून शेरा लिहायचा, नाहीतर नवी नावे सर्वांत खाली, वर्णानुक्रम मोडून घालायची. मग त्या तीन मुलांचे क्रमांक वर्षभर शेवटचे राहतात, तपासणीलाही आणि वह्या वाटतानाही. मोठ्या माणसाला ही क्षुल्लक बाब वाटेल. पण पहिल्या दिवशी दारावरच्या फलकावर सगळ्यांची नावे असताना आपले नाही, किंवा आहे पण चुकीचे आहे, हे शोधत उभे राहिलेले मूल ज्याने पाहिले आहे तो हिला क्षुल्लक म्हणणार नाही. अलीकडे मी फलकावरच्या पट्ट्या कोऱ्याच ठेवते आणि आपापले नाव मुलांनाच लिहायला सांगते. फलक पहिल्या सकाळी तितकासा देखणा दिसत नाही, अक्षरे तिरकी जातात, पण एकही नाव चुकत नाही.

वर्गखोलीबद्दल फार लिहीत नाही, कारण ती सगळीकडे सारखीच असते. कपाटाची किल्ली गेल्या वर्षी ज्यांच्याकडे होती त्यांची बदली झालेली असते. कपाट उघडले की आत खडूंचे तुकडे, टोक नसलेले कंपास, कुणाच्या तरी नाव न घातलेल्या वह्या आणि कडा वळलेले तक्ते निघतात. लहान मुलांच्या वर्गात मोठ्यांचे बाक येऊन पडलेले असतात आणि एक तरी बाक असा असतो की ज्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातल्याशिवाय तो डुगडुगायचा थांबत नाही. प्रोजेक्टर चालू असतो, त्याची वायर गेलेली असते; वायर मिळते तेव्हा पासवर्ड बदललेला असतो.

यापेक्षा अधिक वेळ खाते ती एकच माहिती तीनदा भरण्याची पद्धत. मुलाचे नाव, जन्मतारीख, पालकांचा दूरध्वनी आणि पत्ता आधी प्रवेश अर्जात असतोच. तिथून तो रजिस्टरमध्ये हाताने उतरवायचा, मग संगणकावरच्या तक्त्यात टंकायचा आणि शेवटी तोच मजकूर एखाद्या अ‍ॅपमध्ये भरायचा. संगणक आले म्हणजे कागद कमी होतील, असे आम्हाला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात संगणकात भरलेल्या माहितीची छापील प्रत काढून ती फाईलला लावण्याचे एक नवे काम वाढले. त्यातून जो वेळ उरतो तो सभेत जातो. छापील सूचनापत्र प्रत्येकाच्या हातात असताना ते मोठ्याने वाचून दाखवण्यात कोणता लाभ होतो, हे मला अजून उमगलेले नाही. एक मात्र खरे की या सभांमध्ये वह्यांच्या मागच्या पानांवर अनेक सहकाऱ्यांनी आपली उत्तम पाठटाचणे लिहिलेली आहेत.

एक त्रास असा आहे की तो कुणी त्रास म्हणून मोजत नाही. नवा वर्ग कोणता मिळाला हे कळताच, आधीच्या वर्षी त्यांना शिकवणारी मंडळी आपुलकीने सावध करायला येतात. अमका लक्ष देत नाही, तमकी बडबडी आहे, त्या दोघांना एका बाकावर बसवू नका. हेतू चांगलाच असतो आणि काही माहिती मला हवीही असते: कुणाला फळ्यावरचे नीट दिसत नाही, कुणाला कमी ऐकू येते, कुणाच्या घरी काय घडले आहे. बाकीची माहिती मात्र मी कानांवर पडली तरी लिहून घेत नाही. रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन, ही मुले यंदा झपाट्याने पुढे जातील असे सांगण्यात आले होते. नावे खरे तर चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी निवडलेली होती. तरीही वर्षअखेरीस सर्वांत खालच्या इयत्तांमधल्या अशा मुलांची बुद्धिमापन चाचणीतली वाढ इतरांपेक्षा अधिक दिसली. या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाला आणि हा परिणाम किती मोठा असतो याविषयी आजही मतभेद आहेत. पण चांगल्या अपेक्षेने जे साधू शकते त्याच्या उलटही होऊ शकेल, ही शंका माझ्यासारखीला पुरेशी आहे. ज्या मुलाचा चेहराही मी पाहिलेला नाही, त्याची बसायची जागा त्याच्या कीर्तीवरून ठरवणे मला पटत नाही.

आणि खरी तयारी? ती घरी, रात्री होते. पहिल्या दिवशी मुलांना काय वाचून दाखवायचे, कोणता एक प्रश्न विचारला म्हणजे कोण कुठे आहे याचा अंदाज येईल, गेल्या वर्षी फसलेला पाठ यंदा कोणत्या उदाहरणाने सुरू करायचा, हा विचार मी शाळेच्या त्या दिवसांत करूच शकत नाही, कारण त्या दिवसांत माझ्या टेबलावर रकाने असतात. मुलांच्या आधी शिक्षकांना शाळेत बोलावण्यामागचा मूळ उद्देश हाच विचार करायला मिळावा हा असणार, असे मी समजून चालते.

यंदाच्या सभेत मी एक साधी सूचना मांडली. वार्षिक नियोजन शाळा सुरू झाल्यानंतर तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस घ्यावे. तोपर्यंत पट स्थिरावतो, वेळापत्रक पक्के होते आणि मुलांना काय येते, काय येत नाही याची एक छोटी चाचणीही घेऊन होते. तोवर हवे असेल तर पहिल्या पंधरवड्यापुरते एक पान प्रत्येकाने द्यावे, त्यात उजळणीचे तास उघडपणे लिहावेत. त्यावर आक्षेप असा आला की मधल्या काळात कुणी तपासणीला आले तर फाईल रिकामी दिसेल. मी म्हटले, ‘‘तपासणीला आलेल्यांना ते एक पान दाखवू, त्यात लिहिलेले निदान वर्गात चालू असलेले तरी दिसेल.’’ यावर थोडी कुजबुज झाली, एकदोघांनी माना डोलावल्या आणि सूचना विचारार्थ ठेवण्यात आली. तक्ते जमा करण्याची मुदत मात्र उद्याचीच आहे.