कर्ण 'नको' का म्हणाला?

कर्णाचा विषय निघाला की सगळे एकच पाढा म्हणतात. बिचारा, जन्मभर हिणवला गेला, मान कुठे मिळाला नाही, म्हणून दुर्योधनाच्या कच्छपी लागला. मी मानसशास्त्र शिकवते, तेव्हा माझे विद्यार्थी हेच जरा शास्त्राच्या भाषेत लिहितात. मानसशास्त्रज्ञ मास्लोचा, माणसाच्या गरजा थराथराने दाखवणारा त्रिकोण काढायचा, वरून दुसऱ्या थरावर 'सन्मानाची गरज' लिहून तिथे बाण मारायचा: कर्ण इथे अडकला. मार्क मिळतात. मीच देते.

या वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग कृष्णाने देऊ केलं तेव्हा त्याने घ्यायला हवं होतं ना?"

बरोबर विचारलं तिने. उद्योगपर्वात शिष्टाई फिसकटल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि सांगतो, तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस. चल, राज्याभिषेक तुझा होईल. युधिष्ठिर चवरी ढाळेल, भीम छत्र धरेल, अर्जुन तुझा रथ हाकेल. म्हणजे ज्या भीमाने शस्त्रपरीक्षेच्या रंगमंडपात 'तुझ्या कुळाला शोभेल असा चाबूक हातात घे' असं भर गर्दीत सुनावलं होतं, तोच छत्र धरून मागे उभा! सन्मानाची भूक हेच जर याचं सगळं दुखणं असेल, तर याहून भरलेलं ताट कोण वाढणार? आणि हा गडी ताट सरकवतो.

का सरकवतो, ते तो स्वतः सांगतो. आपणच ते घाईघाईने वाचतो, कारण आपल्याला दुर्योधनाच्या मैत्रीपर्यंत पोहोचायचं असतं. ती येते, पण नंतर. आधी येते राधा. तो म्हणतो, मला पाहताच मायेने तिला पान्हा फुटला, माझं हगमूत तिने काढलं, तिचा पिंड मी कसा तोडू? अधिरथाने माझे संस्कार केले, लग्नं लावून दिली, मला मुलं-नातवंडं झाली. सगळी पृथ्वी दिली, सोन्याच्या राशी ओतल्या, तरी हे खोटं करता येणार नाही.

हा प्रेमाला मुकलेला माणूस वाटतो का तुम्हाला? मला तरी नाही.

इथे मास्लोकडे परत जावं लागतं, पण पाठ्यपुस्तकातल्या मास्लोकडे नाही. १९४३ साली 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू'त त्याचा मूळ लेख आला, त्यात त्रिकोण नाहीच. तो पुढे व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनी काढला. एक थर शंभर टक्के भरला की मगच पुढचा, असंही त्याने म्हटलेलं नाही. उलट उदाहरणादाखल त्याने आकडे दिलेत: साधारण माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के भागलेल्या असतात, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, सन्मानाच्या ४०. त्याच लेखात अपवादांची मोठी यादी आहे. त्यात तत्त्वासाठी सगळ्यावर पाणी सोडणारे लोक येतात आणि त्यांचं त्याने दिलेलं स्पष्टीकरण असं: ज्यांच्या मूळ गरजा आयुष्यभर, विशेषतः अगदी लहानपणी, नीट भागलेल्या असतात, त्यांच्यात पुढची उपासमार सोसायची ताकद येते. हे वाचून मला राधेचा पान्हाच आठवला. जगाने कर्णाला काय नाकारलं ते आपण मोजत बसतो, त्या घरात त्याला काय मिळालं ते मोजतच नाही.

(नाकारल्याचे हिशेबही आपण फुगवलेत. 'मी सूताला वरणार नाही' हे द्रौपदीचं स्वयंवरातलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण अनेक हस्तलिखितं ताडून भांडारकर संस्थेने काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या मूळ संहितेत ते नाही.)

मग सन्मानाचं काय? तो त्याला हवाच होता, प्रश्नच नाही. पण मास्लोने सन्मानाचे दोन भाग केलेत, आणि माझ्या मते खरी मेख तिथे आहे. एक भाग स्वतःच्या कर्तृत्वाचा, आपल्याला अमुक जमतं या भरवशाचा. दुसरा लोकांकडून मिळणाऱ्या नावलौकिकाचा, दर्जाचा. कृष्ण देऊ करतो तो नुसता दर्जा, आणि तोही जन्मावरून. रंगमंडपात कृपाचार्यांनी 'तुझं कुळ सांग' म्हणून ज्या मापाने त्याला अडवलं, त्याच मापाने आता त्याला थोर ठरवायचं. हो म्हटलं तर कृपाचार्यांचा प्रश्न रास्त होता असं कबूल करण्यासारखंच. शिवाय अर्जुन सारथी झाला की त्याच्याशी लढायचं राहिलंच. कुंतीला तो चौघांचं अभय देतो, अर्जुनाचं देत नाही, ते उगाच नव्हे.

कवचकुंडलं दिली तेव्हाही हेच. सूर्य आधी सावध करतो, तरी जिवापेक्षा कीर्ती मोठी म्हणून हा देतो. मात्र बदल्यात इंद्राकडून 'शक्ती' हे अस्त्र मागून घेतो, हे दानशूरपणाच्या गोष्टी सांगताना सोयीने गाळलं जातं.

राहता राहिली द्यूतसभा, आणि तिथे मला कर्णाची वकिली करायची नाही. द्रौपदीला भरसभेत कुलटा ठरवणारा तोच. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या स्वयंनिर्णय सिद्धांतात जवळीक ही मूलभूत गरज आहे, पण जवळीक टिकवण्यासाठी माणूस स्वायत्तता गहाण टाकू शकतो, हेही त्यात येतं. कोणाची तरी मर्जी राखायला केलेलं काम आतून बोचत राहतं. कर्ण कृष्णाजवळ जवळपास हेच कबूल करतो: धार्तराष्ट्राला, म्हणजे दुर्योधनाला, बरं वाटावं म्हणून पांडवांना जे कडू बोललो, त्याचा आज ताप होतो. पांडवांना. द्रौपदीचं नाव त्या वाक्यातही नाही.