एकच वाइन, दोन कापडे : गालिचा आणि सोफा यांवरील लाल डाग काढताना

लाल वाइनचा डाग कशाने निघतो असे विचारले, की प्रत्येकाकडे एक उत्तर तयार असते आणि ते बहुधा एखाद्या पदार्थाचे नाव असते : मीठ, पांढरी वाइन, सोडा, व्हिनेगर. आमच्या घरी एका संध्याकाळी भरलेला पेला कलंडला आणि त्यातील वाइन अर्धी लोकरी गालिच्यावर व अर्धी सोफ्याच्या बैठकीवर गेली, तेव्हा या प्रश्नाला एकच उत्तर असू शकत नाही हे मला प्रत्यक्ष पाहायला मिळाले. वाइन तीच होती, वेळही तीच होती. परंतु सोफ्यासाठी जे निर्धोक होते त्याने गालिचा बिघडला असता. म्हणून मी काय केले याबरोबरच ते तसे का केले, हेही लिहीत आहे, कारण कारण समजले की वेगळ्या कापडापुढे उभे राहिल्यावर माणूस अडत नाही.

पहिल्या काही मिनिटांत मी कोणतेही रसायन हातात घेतले नाही. सांडलेली वाइन द्रवरूपात असते तोवर तिचा बराचसा भाग नुसत्या कोरड्या कापडाने उचलता येतो, आणि जो भाग असा निघून जातो त्याच्याशी पुढे झगडावे लागत नाही. जाड सुती कापडाची घडी डागावर ठेवायची, सरळ खाली दाबायची, उचलायची, कोरडी बाजू बाहेर काढून पुन्हा ठेवायची, एवढेच हे काम आहे. कापड पांढरे हवे, एक तर रंगीत कापडाचा रंग सुटून डागात मिसळू शकतो म्हणून, आणि दुसरे म्हणजे पांढऱ्या कापडावर किती लाली उतरते आहे हे दिसते म्हणून. माझ्यासाठी पुढच्या साऱ्या कामात तेच मोजमाप होते. गालिच्यावर हाताचा दाब पुरेना, तेव्हा कापडावर टाच ठेवून मी त्यावर सगळा भार देऊन उभा राहिलो. घासायचे मात्र अजिबात नाही. घासल्याने डाग पसरतो हे तर आहेच, पण त्याहून मोठे नुकसान असे की लवेच्या धाग्याचा पीळ उलगडतो, तंतू पिंजले जातात, आणि पुढे डाग गेला तरी ती जागा उजेडात वेगळी दिसत राहते.

कापडावरची लाली कमी झाल्यावर मी थंड पाणी घेतले, पण ओतले नाही. चमचाभर पाणी डागावर सोडायचे आणि लगेच टिपून घ्यायचे, दर वेळी डागाच्या कडेकडून मध्याकडे. एकदम पाणी ओतले तर वाइन पातळ होते खरी, परंतु ती खाली अस्तरात आणि फोममध्ये उतरते, जिथे कापड पोहोचत नाही.

एवढ्यात जमलेल्यांपैकी एकाने मिठाचे भांडे आणले आणि दुसऱ्याने पांढऱ्या वाइनची बाटली पुढे केली. दोन्हींना मी नको म्हटले. मीठ ओलावा ओढते, पण तेच काम कोरडे कापड अधिक चांगले करते, आणि मिठाचे कण लवेच्या मुळाशी जाऊन बसले की ते पूर्णपणे काढणे फार कठीण. पांढऱ्या वाइनने लाल डाग फिका होतो तो तिच्यातील पाण्यामुळे. शिवाय तिच्यातील साखर मागे राहिली तर ती जागा चिकट होऊन धूळ धरते. फसफसणाऱ्या सोडावॉटरचीही गोष्ट वेगळी नाही, घरात दुसरे पाणी नसेल तर ते वापरावे.

द्रव टिपून झाल्यावर पहिला प्रश्न डागाचा नसून तंतूचा होता. गालिचा लोकरी आहे असे आम्ही समजून होतो, पण समजुतीवर विसंबून रसायन वापरणे मला योग्य वाटले नाही. उलट बाजूच्या कडेला सुटलेला एक धागा कापून चिमट्यात धरला आणि पाण्याच्या भांड्यावर पेटवला. जळक्या केसांचा वास आला, ज्योतीबाहेर काढताच तो विझत गेला आणि बोटांत चुरडणारी काळी राख उरली, म्हणजे लोकरच. पॉलिएस्टर किंवा नायलॉन असते तर धागा वितळून त्याचा टणक मणी झाला असता. सोफ्याच्या बैठकीखाली शिवलेल्या चिठ्ठीवर पॉलिएस्टर असे लिहिलेले होते आणि त्याखाली ‘डब्ल्यू’ हे अक्षर होते. ही अक्षरे पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. ‘डब्ल्यू’ म्हणजे पाण्यातील द्रावणे चालतील. ‘एस’ म्हणजे पाणी वर्ज्य, फक्त कोरड्या धुलाईचे द्रावक. ‘डब्ल्यूएस’ म्हणजे दोन्ही चालतील. आणि ‘एक्स’ असेल तर केवळ व्हॅक्यूम, बाकी काही नाही. ‘एस’ किंवा ‘एक्स’ असते, अथवा गालिचा व्हिस्कोजचा (लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कृत्रिम रेशमाचा) निघाला असता, तर मी तिथेच थांबून व्यावसायिक सफाईवाल्याला बोलावले असते, कारण व्हिस्कोज ओले झाले की दुबळे पडते आणि त्याची लव पुन्हा पूर्वीसारखी उभी राहीलच असे नाही.

तंतूला इतके महत्त्व का, हे वाइनच्या रंगात दडलेले आहे. हा रंग द्राक्षांच्या सालीतील अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असतो आणि त्याच्या जोडीला सालीतील व बियांतील टॅनिन असते. अँथोसायनिनचा रंग भोवतालच्या आम्लतेवर ठरतो. लाल वाइनचा सामू साधारण ३.३ ते ३.७ असतो, म्हणून ती लाल दिसते; आम्लता घटली की रंग जांभळट होतो आणि अल्कधर्मी द्रावणात निळसर, राखाडी किंवा हिरवट. मी बशीत थोडी वाइन घेऊन तिच्यात खायचा सोडा टाकून पाहिला, तर क्षणात ती शाईसारखी निळी-काळी झाली. सोड्याचा लेप लावल्यावर डाग ‘गेल्यासारखा’ वाटून करडा का पडतो, याचे उत्तर त्या बशीत होते : लाली जाते, रंगद्रव्य तिथेच असते.

लोकर हे प्रथिन आहे. आम्लयुक्त पाण्यात तिच्यावर रंग घट्ट धरतो, आणि कारखान्यांत लोकर रंगवण्यासाठी याच गुणाचा उपयोग करतात. म्हणजे लोकरीवर सांडलेली आम्लधर्मी वाइन ही, वेळ दिला तर, एक प्रकारची रंगाईच आहे. पॉलिएस्टरचे तसे नाही. त्याचा तंतू पाणी जवळजवळ शोषतच नाही, रंग बहुतांशी तंतूंच्या पृष्ठभागावर आणि त्यांच्यामधल्या फटींत अडकून राहतो. मात्र लोकरीवर अल्कली वापरता येत नाही, कारण ती प्रथिन खराब करते. कपडे धुण्याची बहुतेक पावडर अल्कधर्मी असते आणि प्रथिने तोडणारे एन्झाइमही तिच्यात अनेकदा असते, तेव्हा तीही बाद. क्लोरीनयुक्त ब्लीचचे तर नावही काढू नये : ते लोकर अक्षरशः विरघळवते. हे ब्लीच व्हिनेगरमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि अमोनियात मिसळले तर क्लोरअमाइनचे विषारी वायू, म्हणून डाग काढण्याच्या दिवशी ती बाटली कपाटाबाहेरच येऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

गालिच्यासाठी मी पाव लिटर जेमतेम कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य, रंगहीन द्रव साबणाचा अर्धा चमचा मिसळला, कापड त्यात बुडवून पिळले आणि डागावर टेकवत गेलो. प्रत्येक ओल्या स्पर्शामागून कोरड्या कापडाचा दाब. कापडावर जांभळट छटा येत राहिली तोवर हेच चालू ठेवले. त्यानंतर एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी असे द्रावण त्याच पद्धतीने वापरले. व्हिनेगर रंग नष्ट करत नाही. लोकरीला सोसणारी आम्लता टिकवून ते साबणाचा अंश सैल करते, आणि एवढ्यासाठीच मी ते घेतले. शेवटी साध्या पाण्याने पुन्हा टिपले, कारण लवेत राहिलेला साबण पायाखालची धूळ धरून ठेवतो आणि काही आठवड्यांनी डागाच्या जागी नवा काळपट डाग दिसू लागतो.

या टप्प्यावर गालिचा स्वच्छ दिसत होता, आणि बरेच जण इथेच काम संपले असे मानतात. परंतु ओला गालिचा स्वच्छ दिसणे आणि वाळलेला गालिचा स्वच्छ असणे यांत फरक आहे. लवेच्या वरच्या टोकांवरून रंग निघालेला असला तरी मुळाशी आणि अस्तरात थोडी वाइन शिल्लक असतेच. पाण्याचे बाष्पीभवन टोकांकडून होते, त्यामुळे केशाकर्षणाने खालचा ओलावा धाग्यांतून वर चढतो, सोबत रंगद्रव्य आणतो, आणि पाणी उडून गेल्यावर ते टोकांवर साचते. काल गेलेला डाग आज परत आला अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे बऱ्याचदा हेच कारण असते. हीच क्रिया मी आपल्या बाजूने वळवली : डागावर कोरड्या पांढऱ्या कापडांची जाड गादी रचली, तिच्यावर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर जड पुस्तकांचा गठ्ठा ठेवला. आता वर चढणारा ओलावा लवेच्या टोकाशी न थांबता कापडात जाणार होता. सकाळी सगळ्यात खालच्या कापडावर फिकट जांभळे वर्तुळ उमटलेले होते. तेवढा रंग गालिच्यातून बाहेर आला होता. ओल कमी ठेवण्याचे आणखीही एक कारण होते. आमच्या गालिच्याचे अस्तर तागाचे आहे, आणि ताग भिजून सावकाश वाळला की त्यातील तपकिरी द्रव्य वर येऊन पिवळट-तपकिरी डाग पडतो, जो वाइनचा नसतो पण तितकाच वाईट दिसतो.

पूर्ण वाळल्यावर गालिच्याच्या पांढुरक्या भागात एक अगदी पुसट मळकट-गुलाबी छाया उरली. ही छाया साबणाने जाणारी नव्हती, कारण हे रंगद्रव्य आता तंतूला धरून बसले होते. ते उचलता येत नसेल तर त्याचा रंग मोडणे हाच मार्ग होता. हायड्रोजन पेरॉक्साइड तेच करते : रंग दिसण्यास कारणीभूत असलेली रेणूतील दुहेरी बंधांची साखळी ते तोडते. मी औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे द्रावण घेतले. ते उजेडात विघटित होते, म्हणून गडद बाटलीतले आणि जुने न झालेले घ्यावे. आधी गालिच्याच्या झाकलेल्या कोपऱ्यात, पांढुरक्या व निळ्या अशा दोन्ही रंगांवर, थेंब टाकून पाहिले. पांढुरक्या लोकरीला काही झाले नाही, निळ्या किनारीचा रंग मात्र किंचित उतरला. तेव्हा पेरॉक्साइड केवळ पांढुरक्या भागातच, कापसाच्या बोळ्याने, थेंबाथेंबाने लावले, त्यात सोडा किंवा साबण मिसळला नाही, थोडा वेळ देऊन साध्या पाण्याने टिपून काढले आणि पुन्हा तीच गादी वर ठेवली. छाया गेली. निळ्या किनारीला स्पर्शलेला एक बारीक ठिपका मी तसाच राहू दिला. रंग उडालेली किनार त्या ठिपक्यापेक्षा अधिक खटकली असती.

सोफ्यावर पेरॉक्साइडला इतके जपावे लागले नाही. बैठकीच्या खोळीला साखळी (झिप) होती, पण ती काढून यंत्रात धुण्याचा मोह टाळला, कारण साखळी फोम बसवण्यासाठी दिलेली असते आणि धुतलेली खोळ आटली तर पुन्हा चढत नाही. साखळी उघडून खोळ आणि फोम यांच्यामध्ये मात्र प्लास्टिकचा कागद आणि त्यावर पांढरे कापड सरकवले, म्हणजे वरून लावलेले द्रावण फोममध्ये न मुरता त्या कापडात येईल. मागच्या बाजूला आतील शिवणीवर चाचणी घेतली आणि मग दोन भाग पेरॉक्साइड व एक भाग द्रव साबण हे मिश्रण डागावर लावून सुमारे अर्धा तास ठेवले. लाली डोळ्यांदेखत विरत गेली. त्यानंतर टिपणे आणि ओल्या कापडाने साबण काढणे, पण एका खबरदारीसह : फक्त डागाची जागा ओली ठेवली तर वाळताना ओल्या-कोरड्याच्या सीमेवर मळ साचून कडे उमटते, म्हणून शेवटी एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा सगळा पट्टा हलकेच सारखा ओलसर केला.

वाळवण्यासाठी दोन्हीकडे फक्त पंखा वापरला. केस वाळवायचे यंत्र, इस्त्री किंवा वाफेचे यंत्र वापरले नाही, कारण उष्णतेने उरलासुरला रंग आणि टॅनिन तंतूत पक्के बसतात. बैठकीचा फोम दिवसभर उभा करून ठेवला. तो आतून दमट राहिला तर बुरशी धरायला फार वेळ लागत नाही.

सोफ्याच्या मागच्या बाजूला, पाठीच्या गोटावर, उडालेले काही थेंब दुसऱ्या दिवशी दृष्टीस पडले. ते वाळून तपकिरी झाले होते. ताज्या डागाची रीत त्यांना पुरली नाही. आधी थोडे ग्लिसरीन लावून ते मऊ होऊ दिले, मग साबणाच्या पाण्याने टिपले, आणि त्यानंतर पेरॉक्साइड. ते बरेच फिकट झाले, पण गोटाच्या दुमडीत जाडसर दोरी असते आणि तिच्यात मुरलेला रंग तिथेच राहिला. आणखी ओले केले असते तर दोरीतून रंग पुन्हा वर आला असता, म्हणून मी तिथे थांबलो; सोफा भिंतीला लागून असल्यामुळे तो भाग दिसत नाही.